ओल आणि आपली गुरं-कोंबडी



गुरांची आणि कोंबड्यांची निगा हा विषय खरा पशुवैद्यांचा. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. तेव्हा औषधांची नावं आणि त्यांच्या मात्रा मी सांगणार नाही. ते काम ज्यांचं त्यांनीच करावं. परंतु जनावर हे शेतकऱ्याचं भांडवल आहे, आणि भांडवलाला गळती कुठे लागते हे पाहणं माझ्या विषयात बसतं. वसई तालुक्यातल्या गोठ्यांतून आणि खुराड्यांतून ही गळती कुठून होते याचा माग काढत गेलं, तर फिरून फिरून आपण एकाच ठिकाणी येतो. ते ठिकाण म्हणजे पायाखालची ओल.

आपला मुलूखच ओलीचा. पश्चिमेला आगाशी, बोळिंज, निर्मळ, गास, भुईगाव ही विहिरी-वाड्यांची पट्टी. केळी, फुलं आणि भाजीपाल्याच्या जोडीला दारात एखादं दुभतं जनावर आणि परसात दहा-वीस कोंबड्या. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे पारोळ, भाताणे, मेढे या बाजूची भातशेती आणि आदिवासी पाडे. महामार्गाच्या आसपास मुंबईला दूध पुरवणारे तबेले. समुद्र, वसईची खाडी आणि वैतरणा अशा तिन्ही अंगांनी पाणी. त्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरांच्या वर पाऊस. पूर्वी हे पाणी भातखाचरांत आणि खाजणांत पसरून जात असे. आता पुष्कळ ठिकाणी भराव झाले, इमारती उठल्या, आणि पाण्याच्या वाटा अडल्या. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार हा सारा भाग पाण्यात होता आणि रेल्वेगाड्याही थांबल्या होत्या, हे आपल्याला आठवत असेल. ज्या गोठ्यात आजोबांच्या काळी पाणी शिरलं नाही त्या गोठ्यात ते आता शिरू शकतं. म्हणून पावसाळ्याची तयारी आजोबांच्या अंदाजाने करून भागणार नाही.

प्रथम जमिनीकडे पाहू. दुभती म्हैस दिवसाचे कितीतरी तास बसून रवंथ करते. बसते तेव्हा तिची कास जमिनीला टेकते. धार काढून झाल्यावर सडाचं तोंड सुमारे अर्धा तास उघडं राहतं. त्याच वेळी म्हैस शेणामुताच्या चिखलात बसली, तर रोगजंतूंना आत जायला मोकळी वाट मिळते, आणि कासेचा दाह सुरू होतो. त्यालाच आपण दगडी म्हणतो. यावरचा पहिला उपाय बिनपैशाचा आहे. धार काढल्याबरोबर गव्हाणीत ताजी वैरण टाका. म्हैस खात उभी राहील, तोवर सडाचं तोंड मिटेल. धारेपूर्वी कास धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, आणि प्रत्येक जनावराला वेगळं फडकं ठेवा. पहिल्या दोन-चार धारा काळ्या वाटीत घेऊन पाहा. काळ्या रंगावर दुधातल्या बारीक गुठळ्या चटकन दिसतात. गुठळी दिसली की त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरात किंवा गिऱ्हाइकाला देऊ नका.

आता माझ्या विषयातलं एक गणित. उघड दगडी झाली तर शेतकरी घाबरतो, धावपळ करतो. पण सौम्य दाहात कास सुजत नाही, जनावर खातं-पितं, फक्त दूध थोडं उतरतं. समजा, आठ लिटर देणारी म्हैस साडेसात लिटर देऊ लागली. अर्धा लिटर कोणाच्या डोळ्यात भरत नाही. उलट पावसाळी हवा आहे, व्हायचंच, असं आपण म्हणतो. पण ३०० दिवसांच्या वेताचा हिशेब मांडा. १५० लिटर दूध गेलं! आज तुम्हाला जो भाव मिळतो त्याने या आकड्याला गुणा. गोठ्याला उतार काढणं, मुताची नाली खोदणं, बसण्याच्या जागेचे खड्डे मुरूम घालून बुजवणं, छपराची गळकी कौलं बदलणं, या सगळ्याला येणारा खर्च शेजारी मांडून पाहा. बहुतेक घरी हा खर्च एका वेताच्या गळतीतून निघून येईल.

ओलीचा दुसरा मार खुरांवर. रात्रंदिवस चिखलात उभं राहून खूर मऊ पडतात, बेचक्यात जखमा होतात, जनावर लंगडतं, गव्हाणीपर्यंत जायला कंटाळतं आणि दूध आटतं. इगतपुरी, अकोले आणि डांगच्या डोंगराळ पट्ट्यातली डांगी गाय पाहा. तिचे खूर काळे आणि टणक असतात, कातडीतून तेलकट स्राव येतो, आणि धो धो पावसातही ती तग धरते. दूध कमी देते हे खरं, पण तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून आपल्या पावसाला साजेसं जनावर सांभाळलं. होल्स्टिनसारख्या विलायती रक्ताची संकरित गाय थंड मुलखासाठी घडलेली. ती दूध भरपूर देते, पण दमट उष्म्यात तिला धाप लागते. तिला पंखा, सावली, कोरडी जागा हे सगळं पुरवायची ऐपत असेल तरच ती घ्यावी. जनावर विकत घेताना दुधाच्या आकड्यापाठोपाठ दुसरा प्रश्न हाच असावा की हे माझ्या पावसात उभं राहील का?

तिसरी गोष्ट, पहिल्या पावसाबरोबर येणाऱ्या रोगांची. घटसर्पाचे जंतू काही निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशातही दडून असतात. पावसाची झड, बदललेला चारा आणि थकवा यांनी जनावराची ताकद कमी झाली की ते उचल खातात. अंगात फणफणून ताप, गळ्याला सूज, श्वासाची घरघर, आणि कित्येकदा एका दिवसात सगळं आटोपतं. म्हशींना हा रोग विशेष मारक. तरण्या गुरांना फऱ्या होतो. मांडीवर किंवा फऱ्यावर सूज येते आणि दाबल्यावर करकर आवाज येतो. या दोन्हींची लस आहे. पण लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. म्हणजे लस मेच्या मध्यापर्यंत टोचून झाली पाहिजे. शेजारच्या गोठ्यात म्हैस पडल्यावर दवाखान्यात धावणाऱ्याला लसीचा पुरता उपयोग होत नाही. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी घ्यावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत टोचली जाते, आणि जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारला जातो. तो बिल्ला म्हणजे जनावराचं ओळखपत्र समजा आणि क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवा.

लसीने काय होतं, असं विचारणारे अजून भेटतात. त्यांनी घरातल्या वृद्धांना बुळकांडीबद्दल विचारावं. बुळकांडी गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे होत. भारतात १९५४ मध्ये तिच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. लस टोचणारी माणसं गावोगाव पायपीट करीत गेली. पन्नासएक वर्षांच्या चिकाटीनंतर २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. माणसातल्या देवीच्या रोगानंतर जगातून उखडला गेलेला हा दुसराच रोग. आजच्या पोरांना बुळकांडी हा शब्दही ठाऊक नाही. लसीचं याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

चौथी गोष्ट वैरणीची. भाताचा पेंढा आपल्या गुरांचं पावसाळी अन्न. उडवी थेट जमिनीवर रचली तर खालचे थर ओल ओढतात आणि बुरशी धरतात. बुरशी लागलेली पेंड आणि कोंडा तर अधिकच घातक. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कोणता ते कळेना. अखेर शोध लागला की खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी होती, आणि त्या बुरशीचं विष पक्ष्यांच्या यकृताला भिनलं होतं. त्याच विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. गाय-म्हैस हे विष खाते तेव्हा त्याचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपलीच मुलं पितात. म्हणून उडवीखाली दगड-लाकडांचा माचा करा. पेंडीची पोती भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवा. पावसाळ्यात महिन्याचं खाद्य एकदम भरू नका. कुबट वास आला, गोळे झाले, हिरवट-काळी पूड दिसली, तर ते खाद्य उकिरड्यावर टाका. ‘कोंबड्या खातील’ म्हणून त्यांच्यापुढेही ओतू नका. कोंबडीच्या पिलांना आणि बदकांना ते जनावरांपेक्षाही लवकर बाधतं.

चराईबद्दल थोडं सांगतो. खाचराच्या बांधावर, डबक्याच्या काठी पावसात लहान गोगलगायी दिसतात. यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींचं एक बिऱ्हाड त्या गोगलगायीत असतं. तिच्यातून बाहेर पडलेले कृमी गवताला चिकटतात आणि चरणाऱ्या गुराच्या पोटात जातात. जनावर खंगतं, केस राठ होतात, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. तेव्हा डबक्याच्या काठी गुरं चारू नका, पाणी हौदातलं किंवा विहिरीचं पाजा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांचं औषध द्या. समुद्रकाठच्या ज्या वाड्यांत विहिरीचं पाणी मचूळ झालं आहे, तिथे गुरांसाठी गोड्या पाण्याची वेगळी सोय ठेवा. दुधात शेकडा ८० हून अधिक भाग पाणीच असतं, तेव्हा पिण्याच्या पाण्यात काटकसर केली की ती थेट दुधात दिसते.

आणि पूर आलाच तर? पाणी चढताना दिसलं की पहिल्यांदा दावं सोडा. बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं. सुटलेलं उंचवट्याची वाट काढतं. उंच जागा कोणती, तिथे कोणत्या वाटेने न्यायचं, हे जूनच्या आधी घरात ठरवून ठेवावं.

आता कोंबड्यांकडे वळतो. परसातल्या कोंबड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातात येतो, आणि तो वह्या-पुस्तकांना, औषधपाण्याला, सणासुदीला कामी पडतो. म्हणून या दहा-वीस पक्ष्यांना मी लहान धंदा समजत नाही. खुराड्यात भाताच्या तुसाची चार-पाच इंच जाड गादी घाला. तूस आपल्याकडे हवं तितकं मिळतं. गादी रोज वरखाली करा आणि पाण्याचं भांडं सांडणार नाही अशा बेताने विटेवर ठेवा. गादी कोरडी आहे की ओली, याची परीक्षा सोपी. मूठभर तूस घट्ट दाबा. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. ते तूस काढून नवं घाला. दुसरी परीक्षा नाकाची. कोंबडीच्या उंचीला खाली बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर समजा की कोंबड्या तीच हवा रात्रभर घेताहेत. पिलांची रक्ती हगवण ओलीनेच फैलावते. विष्ठेतली तिची अंडी ओलावा आणि ऊब मिळाल्यावरच रोग देण्याजोगी होतात. गादी कोरडी ठेवणं हा तिच्यावरचा अर्धा इलाज.

मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, लस आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. तरीही दर वर्षी खुराडी का रिकामी होतात? याचं एक कारण आर्थिक आहे. लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. एकदा फोडली की ती दोन-तीन तासांत वापरावी लागते. दहा कोंबड्यांची मालकीण एवढ्यासाठी कुपी आणणार नाही, आणि तिच्या शेजारणीही आणणार नाहीत. परंतु दहा घरांनी एक दिवस ठरवला, एकाने बर्फाच्या डब्यात लस आणली, आणि संध्याकाळी कोंबड्या डालायच्या वेळी घरोघर फिरून देऊन टाकली, तर प्रत्येक घराला अगदी थोडा खर्च येतो. एकट्याला न परवडणारी गोष्ट दहांना परवडते, हे सहकाराचं तत्त्व खुराड्यालाही लागू आहे. कोठे पाण्यातून लस द्यायची झाली तर नळाचं पाणी वापरू नका, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने लस मरते. विहिरीचं स्वच्छ, गोडं पाणी घ्या.

शेणाचा ढीग गोठ्याला लागून ठेवायची आपली जुनी सवय आहे. माशी अंडं घालते तेव्हापासून नवी माशी उडेपर्यंत पावसाळी उष्म्यात आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा शेण आठवड्याच्या आत गोठ्यापासून दूर, झाकलेल्या खड्ड्यात गेलं पाहिजे. २०२२ मध्ये महाराष्ट्रभर गुरांमध्ये लम्पीचा फैलाव झाला, तो माश्या, डास आणि गोचिडांच्या वाटेनेच. त्या वेळी गावोगाव लसीकरण झालं. पण लसीइतकंच काम खराट्याने आणि फावड्याने करायचं असतं. खड्ड्यातलं कुजलेलं खत वाडीतल्या केळीला आणि फुलझाडांना घाला. गोठ्याची घाण वाडीचा पैसा होते.

ही ओल माणसालाही सोडत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई भागात लेप्टोची साथ आली, ती उंदीर आणि इतर जनावरांच्या मुतात मिसळलेल्या पाण्यातून. पायाला जखम असताना अनवाणी गोठ्यात जाऊ नका. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलू नका. त्यातून सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसाला लागतात. वार खोल पुरा, आणि दूध उकळूनच प्या.

एक धोका ओलीतून येत नाही; तो बाहेरून येतो आणि गप्प बसण्याने वाढतो. तो म्हणजे बर्ड फ्लू. २००६ च्या फेब्रुवारीत देशात तो पहिल्यांदा आपल्याच राज्यात, नवापूरला आढळला. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि पाठोपाठ आपल्या वसई-विरार भागात आढळला. कोंबड्या अचानक आणि एकामागून एक मरू लागल्या तर माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो झाकण्याचा. शेजारी काय म्हणतील, उरलेल्या कोंबड्या नेऊन मारतील, त्यापेक्षा आजच बाजारात विकून टाकाव्यात. हा विचार मी समजू शकतो, कारण गरिबाच्या घरात वीस कोंबड्या म्हणजे वीस आधार असतात. पण आजारी कोंबडी बाजारात गेली की रोग चार गावांत जातो, आणि मग वीसांच्या जागी हजारो पक्षी मारावे लागतात. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका, कुत्र्याला घालू नका, खाऊ तर नकाच. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ हा पशुसंवर्धनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची नुकसानभरपाई मिळते. लपवून मेलेल्यांची मिळत नाही. नवीन कोंबडी किंवा जनावर विकत आणलं तर दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, आणि त्याचं खाणं-पाणी शेवटी करा.

शिक्षक मंडळींना आता एक विनंती. आपल्या शाळेतल्या पुष्कळ मुलांच्या घरी एखादं तरी जनावर किंवा खुराडं असेल. सातवी-आठवीच्या मुलामुलींना एक साधी वही करायला सांगा. रोजचं दूध किती, अंडी किती, पाऊस पडला की नाही, जनावर नीट खातं का, लस कधी टोचली. महिन्याच्या शेवटी गणिताच्या तासाला त्याची सरासरी काढा, आलेख काढा. ज्या आठवड्यात रेघ खाली आली त्या आठवड्यात घरी काय झालं होतं, ते मुलांनीच शोधावं. छप्पर गळत होतं? पेंड कुबट होती? दावणीखाली पाणी साचलं होतं? गणित, विज्ञान आणि घरचा संसार असे तिन्ही धडे एका वहीत होतील. बाप जे अर्धा लिटर ‘व्हायचंच’ म्हणून सोडून देतो, ते मुलीच्या वहीतल्या रेघेवर उघडं पडेल. आणि मुलीने दाखवलेली चूक बाप सहसा मनाला लावून घेतो, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

श्रोते हो, जमिनीचे भाव चढत आहेत, वाड्यांच्या जागी इमारती येत आहेत. गोठा मोडून जागा विकावी असा विचार अनेक घरांत चालू आहे. कोणी विकावं, कोणी ठेवावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण ‘गुरं परवडत नाहीत’ असं म्हणण्यापूर्वी एक पावसाळाभर गोठा कोरडा ठेवून आणि वही लिहून पाहावी. न परवडण्यात महागाईचा वाटा किती आणि आपल्या पायाखालच्या ओलीचा किती, हे त्या वहीतून कळेल. महागाई एकट्याच्या हातातली नाही. गोठ्याचा उतार, मेमधली लस, उडवीखालचा माचा आणि खुराड्यातलं कोरडं तूस ही मात्र आपल्या हातातली आहेत. मृगाचा पाऊस यायच्या आत एवढी चार कामं उरकून घ्यावीत, एवढंच सांगून आपली रजा घेतो.